डाल्टनची ती मीटिंग : पॅट्रिक क्लेबर्न आणि दाबून टाकलेला कागद

२ जानेवारी १८६४. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होऊन पावणेतीन वर्षं झालीत. जॉर्जियातल्या डाल्टन गावी दक्षिणेच्या 'आर्मी ऑफ टेनेसी'चा हिवाळी तळ पडलाय आणि संध्याकाळी जनरल जोसेफ जॉन्स्टनच्या मुक्कामी सगळ्या वरिष्ठ जनरल्सना बोलावणं गेलंय. जॉन्स्टन नवाच, आठवडाभरापूर्वी सूत्रं हातात घेतलेली. हार्डी, चीटम, हिंडमन, वॉकर, स्ट्युअर्ट, बेट, पॅटन अँडरसन असे सगळे जमले आणि मग मेजर जनरल पॅट्रिक क्लेबर्न उभा राहिला, आपण लिहून आणलेला एक लांबलचक कागद त्यानं वाचून दाखवला. थोडक्यात म्हणणं असं, की आपण हरतोय, आणि हरायचं नसेल तर गुलामांना सैन्यात घ्या, शस्त्रं द्या, आणि बदल्यात दक्षिणेत जे जे गुलाम आपल्या बाजूनं राहतील त्या सगळ्यांना स्वातंत्र्य द्या.

गुलामगिरी टिकवण्यासाठी युनियनमधून, म्हणजे अमेरिकेच्या संघराज्यातून, फुटून निघालेल्या राज्यांच्या सैन्यातला एक अत्यंत नावाजलेला जनरल हे बोलतोय. हे एकच प्रकरण नीट समजून घेतलं ना, तर कॉन्फेडरसी, म्हणजे या फुटलेल्या राज्यांनी उभं केलेलं राष्ट्र, नक्की काय होतं हे जेवढं स्पष्ट कळतं तेवढं दहा लढायांचे नकाशे बघूनही कळत नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून लढायांवर फार वेळ न घालवता या कागदावर लिहितोय.

आधी माणूस कोण ते बघू. क्लेबर्न अमेरिकन नव्हताच मुळात. १८२८ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्म, वडील डॉक्टर, आई तान्हेपणीच गेली, वडील पंधराव्या वर्षी गेले. औषधांच्या धंद्यात शिरायचं म्हणून डब्लिनला परीक्षा दिली, नापास झाला, आणि मग ब्रिटिश सैन्यात ४१व्या रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. तेव्हा आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ, लोक उपाशी मरतायत, आणि हे सैन्य तिथेच बंदोबस्ताला. कॉर्पोरल झाला, मग १८४९ मध्ये पैसे भरून नोकरीतून सुटला आणि भावंडांसोबत जहाजानं न्यू ऑर्लिन्सला उतरला. पुढच्या वर्षी मिसिसिपी नदीकाठच्या हेलेना नावाच्या गावात, आर्कान्सा राज्यात, एका औषधांच्या दुकानात कामाला लागला, मग त्याच दुकानात भागीदार, मग वकील. १८५५ मध्ये गावात पिवळ्या तापाची साथ आली, लोक गाव सोडून पळाले, तेव्हा मागे राहून आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मोजक्या लोकांत हा होता. पुढच्या वर्षी थॉमस हिंडमन या राजकारणी मित्राच्या भांडणात भर रस्त्यात गोळीबार झाला त्यात हा मरता मरता वाचला. म्हणजे परक्या गावात दहा वर्षांत माणूस कसा रुजतो ते यात दिसतं.

आता हेलेना म्हणजे कापसाचा मुलूख. ज्या परगण्यात हे गाव येतं तिथे निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलामांची होती. (युद्धात या भागातला कापूस अडकला म्हणून लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशांचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो बाजार कोसळला, ते हेच युद्ध.) क्लेबर्नकडे स्वतःचे गुलाम नव्हते. १८६१ मध्ये त्यानं भावाला पत्रात लिहिलं की मी कधी गुलाम बाळगला नाही आणि मला त्यांचं काही सोयरसुतकही नाही, पण इथले लोक माझे मित्र आहेत, माझ्या पाठीशी उभे राहिलेत, म्हणून मी जगलो-मेलो तरी दक्षिणेसोबत. हे पत्र महत्त्वाचं आहे. काही लोक क्लेबर्नला गुलामांचा कैवारी करून टाकतात, तसा तो नव्हता. त्याच्या डोक्यात युद्ध होतं ते आपल्या माणसांसाठी आणि दक्षिणेच्या स्वातंत्र्यासाठी. बाकीच्यांच्या डोक्यातही तेच असणार असं त्यानं गृहीत धरलं, आणि इथेच सगळं प्रकरण आहे.

लष्करी कारकीर्द भराभर सांगतो. गावातल्या कंपनीचा कॅप्टन, मग रेजिमेंटचा कर्नल, मार्च १८६२ मध्ये ब्रिगेडियर जनरल. शायलोच्या लढाईत त्याच्या ब्रिगेडमधली एक तृतीयांशाहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. ऑगस्ट १८६२ मध्ये केंटकीतल्या रिचमंडला गालातून गोळी आरपार गेली, दात गेले, तरी महिनाभरात परत हजर. डिसेंबर १८६२ मध्ये मेजर जनरल. नोव्हेंबर १८६३ मध्ये चॅटनुगाजवळ मिशनरी रिजवर सगळी दक्षिणी फळी फुटली, पण उजव्या टोकाला क्लेबर्ननं उत्तरेच्या जनरल शर्मनला दिवसभर पुढे सरकू दिलं नाही. दोनच दिवसांनी रिंगगोल्डच्या खिंडीत साधारण चार हजार माणसं घेऊन त्यानं उत्तरेच्याच जनरल हूकरच्या बऱ्याच मोठ्या फौजेला तासन्‌तास रोखून धरलं, तेवढ्या वेळात मागे पळणारं सैन्य आणि गाड्या वाचल्या. यासाठी कॉन्फेडरेट काँग्रेसनं त्याच्या आभाराचा ठराव केला. वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, न शिकलेला, परदेशात जन्मलेला माणूस इथवर पोचला तो निव्वळ कामावर.

म्हणजे जानेवारीत तो कागद घेऊन उभा राहिला तेव्हा कोणी ऐरागैरा बोलत नव्हता, ज्यानं महिन्याभरापूर्वी सैन्य वाचवलं तोच बोलत होता.

कागदात काय होतं ते जरा सविस्तर सांगतो कारण तो खरंच वाचण्यासारखा आहे. सुरुवातच अशी की तीन वर्षं आपण रक्त सांडलं, अफाट मालमत्ता जाळली-गमावली, आणि हातात काय, तर मेलेल्यांच्या आणि जायबंदी झालेल्यांच्या लांबलचक याद्या, आणि आपण आता आपल्याच मुलखाच्या दोन तृतीयांशाहून कमी भागात कोंडलेले. सैनिकांना याचा शेवट दिसत नाहीये, ते थकलेत, एक जीवघेणी उदासीनता पसरलीय, पळून जाणाऱ्यांची संख्या वाढतीय. कारणं तो तीन देतो. एक, शत्रूपेक्षा आपली माणसं फार कमी. दोन, शत्रूला माणसं मिळवायचे अनेक मार्ग आहेत, स्वतःचे गोरे लोक, परदेशातून येणारे, आणि आता आपलेच गुलाम, आणि आपल्याला मात्र एकच. तीन, गुलामगिरी. आणि इथे तो वाक्य लिहितो की युद्धाच्या सुरुवातीला जी गुलामगिरी आपल्या बळाचा मोठा आधार होती तीच आता लष्करीदृष्ट्या आपल्या दुबळेपणाचं एक मुख्य कारण झालीय.

हा मुद्दा तो हवेत सोडत नाही. उत्तरेचं सैन्य जिथे जिथे जवळ येतं तिथे मळेवाले आपली 'मालमत्ता' जाईल म्हणून हवालदिल होतात, काही जण मुकाट्यानं शत्रूशी जुळवून घेतात. फौजेच्या आसपासच्या भागात गुलाम आपल्याला कामाला तर उपयोगी पडत नाहीतच, उलट शत्रूसाठी ती सगळीकडे पसरलेली हेरांची यंत्रणा आहे, आपली ठाणी कुठे, रसद कुठे, सगळी खबर त्यांच्याकडून जाते. आता हे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हाच्या दक्षिणेत सगळी भाषणं आणि प्रवचनं सांगत होती की गुलाम सुखी आहेत, मालकाशी एकनिष्ठ आहेत. आणि इथे आघाडीवरचा जनरल रोज डोळ्यांनी बघून लिहितोय की ते आपले नाहीत, ते स्वातंत्र्याच्या बाजूला आहेत आणि संधी मिळेल तिथे तसं वागतायत. लिंकनची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. तिला एक वर्ष झालं होतं, दक्षिणेच्या वॅग्नर किल्ल्यावर उत्तरेच्या काळ्या सैनिकांनी १८६३ च्या जुलैमध्ये हल्ला चढवून दाखवला होता, आणि युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या फौजेत सुमारे १,८०,००० काळे सैनिक दाखल झाले. खुद्द क्लेबर्नचं हेलेना १८६२ पासून उत्तरेच्या ताब्यात होतं आणि तिथेही काळ्यांच्या पलटणी उभ्या राहत होत्या. ते लढतात की नाही हा प्रश्न त्याच्यासाठी संपलेला होता. कागदात त्यानं स्पार्टाचे हेलट (तिथले गुलामासारखे राबणारे लोक), लेपांटोच्या समुद्री लढाईतले वल्हवणारे गुलाम, सँतो डोमिंगो आणि जमैकातली गुलामांची बंडं अशी सगळी उदाहरणं दिलीत आणि म्हटलंय की आपल्याच सोडून गेलेल्या गुलामांनी कच्च्या तालमीवर शत्रूसाठी एवढं केलं तर आपण नीट शिकवल्यावर का नाही करणार.

मग मोबदला. नुसती बंदूक देऊन चालणार नाही, राज्यासाठी जीव देणाऱ्याला स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे, आणि फक्त त्या शिपायाला देऊन भागणार नाही, त्याच्या बायकामुलांना, त्याच्या सगळ्या समाजाला द्यावं लागेल. त्यांची लग्नं आणि आईबापांचं नातं कायद्यानं पवित्र माना, विक्री बंद करा. आणि वर हेही, की असं केलं की इंग्लंड-फ्रान्सची आपल्याला मान्यता द्यायची अडचण दूर होईल. स्वातंत्र्य गमवायचं की गुलामगिरी यात निवड करायची वेळ आली तर प्रत्येक देशभक्त गुलामगिरीवर पाणी सोडेल, असं तो सरळ लिहितो.

पण याच कागदात अजून एक वाक्य आहे जे क्लेबर्नचे चाहते सहसा सांगत नाहीत. सुटल्यावर हे लोक काम करतील का, या आक्षेपाला त्याचं उत्तर असं की गरज आणि शहाणपणाचे कायदे त्यांना पोटासाठी काम करायला भाग पाडतील. युद्धानंतर १८६५-६६ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांनी जे 'ब्लॅक कोड' केले, म्हणजे मजुरीचा करार नसेल तर भटका म्हणून पकडा, दंड करा, दंड भरला नाही तर जुंपा, ते याच विचाराचं पुढचं पाऊल. म्हणजे मालकी जाईल पण लगाम राहील. ज्यांच्याबद्दल ठरवतोय त्यांना स्वातंत्र्य हवंय हे तो मानतो, पण पुढे कसं जगायचं हे त्यांनाच विचारावं असं त्या कागदात नाही, आणि ते तर तोपर्यंत हजारोंच्या संख्येनं आपल्या पायांनी चालत उत्तरेच्या छावण्यांत जाऊन आपलं उत्तर देत होते.

कागदावर क्लेबर्नसकट १४ जणांच्या सह्या होत्या, त्यात गोव्हन, लाउरी आणि घोडदळाचा केली हे ब्रिगेडियर जनरल, बाकी त्याच्या डिव्हिजनमधले रेजिमेंटचे अधिकारी. म्हणजे हाताखालच्या लोकांना त्यानं आधी पटवलं होतं. त्याचा स्टाफ ऑफिसर आयर्व्हिंग बक यानं आधीच सावध केलं होतं की यानं तुमचं प्रमोशन जाईल. त्यावर क्लेबर्नचं म्हणणं, फार तर कोर्ट मार्शल होईल, मग मी माझ्या जुन्या १५व्या आर्कान्सात साधा शिपाई म्हणून भरती होईन. हे त्यानं मनापासून म्हटलं असणार असं मला वाटतं, कारण त्याची सुरुवातच शिपाई म्हणून झाली होती.

मीटिंगमध्ये भडका उडाला. पॅटन अँडरसननं नंतर जनरल पोकला (हा बिशपही होता) लिहिलं की हा राक्षसी प्रस्ताव आहे आणि दक्षिणेच्या भावनेला, अभिमानाला, इज्जतीला किळस आणणारा आहे. बेटची भाषा अशीच. सगळ्यात खवळला तो वॉकर, त्याच्या मते हा सरळ देशद्रोह. त्यानं जॉन्स्टनला सांगितलं हे राजधानी रिचमंडला (व्हर्जिनियातलं, केंटकीतलं नव्हे) प्रेसिडेंटकडे पाठवा, जॉन्स्टन म्हणाला हा लष्करी विषय नाही, पाठवणार नाही. मग वॉकरनं काय केलं, हजर असलेल्या जनरल्सना पत्रं लिहून तुमची भूमिका कळवा म्हणून मागणी केली, क्लेबर्नकडेच कागदाची प्रत मागितली, आणि क्लेबर्ननं ती न कचरता दिली, हो, मीच लिहिलंय म्हणून. वॉकरनं ती वरिष्ठांना डावलून थेट प्रेसिडेंट जेफरसन डेव्हिसकडे पोचवली.

डेव्हिसचं उत्तर जानेवारीतच आलं. असा विषय नुसता निघणं किंवा विश्वासातल्या माणसांच्या मनात तो आहे हे लोकांना कळणंसुद्धा देशाला घातक आहे, तेव्हा अजिबात बोभाटा नको. २४ तारखेला युद्धमंत्री सेडनचं जॉन्स्टनला पत्र, की कागद तर दाबाच, पण त्यावरची सगळी चर्चासुद्धा बंद करा. जॉन्स्टननं ते सगळ्या जनरल्सना कळवलं. क्लेबर्ननं हुकूम पाळला, प्रती नष्ट करायला लावल्या, आणि विषयावर परत तोंड उघडलं नाही.

आता इथे जरा थांबा. डेव्हिसनं क्लेबर्नवर रागावून शिक्षा केली नाही, त्याच्या हेतूबद्दल शंका घेतली नाही. पण त्यानं हिशोब चुकलाय असंही म्हटलं नाही! आपल्याकडे माणसं पुरेशी आहेत, क्लेबर्नचे आकडे खोटे आहेत, असं कोणीच सांगितलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच की हे बोलूच नका. युद्ध हरायची वेळ आली आणि समोर दोनच दारं, एकाआड स्वतंत्र देश आणि दुसऱ्याआड गुलामगिरी, तेव्हा त्या सरकारनं दार निवडायचंच नाकारलं, कारण त्यांच्यासाठी ती दोन वेगळी नव्हतीच. मिसिसिपी राज्यानं १८६१ मध्ये फुटतानाच लिहून ठेवलं होतं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. उपाध्यक्ष स्टीफन्सनं त्याच मार्चमध्ये सवानाच्या भाषणात सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा पाया. क्लेबर्ननं हे गंभीरपणे घेतलं नाही. आपल्या कागदात तो लिहितो, लोक म्हणतात गुलामगिरीसाठीच आपण लढतोय, ती सोडली तर सगळंच सोडलं, पण हे आम्हाला मान्य नाही. त्याला मान्य नव्हतं, त्याच्या सरकारला होतं.

आपल्याकडे या युद्धाबद्दल बोलताना राज्यांचे हक्क, जकात असली कारणं बरेच जण सांगतात, तिकडच्या पराभूत पक्षानं नंतर रचलेली गोष्टच इथवर आलीय. ज्या महाराष्ट्रात १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिताना ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तिथे तरी हा घोळ होऊ नये असं मला मनापासून वाटतं. जोतीरावांना युद्ध कशावरून झालं ते बरोबर कळलं होतं.

प्रमोशनचं काय झालं? १८६४ मध्ये त्या सैन्यात कॉर्प्स (काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी तुकडी) कमांडच्या जागा निघाल्या, फेब्रुवारीत हूड आला, उन्हाळ्यात स्ट्युअर्ट, मग स्टीफन ली, शरदात हार्डी गेल्यावर त्याची कॉर्प्स चीटमकडे. क्लेबर्न शेवटपर्यंत डिव्हिजनवरच. कागदामुळेच हे झालं असं छातीठोक सांगणारा एकही हुकूम नाही, आणि इतर कारणंही होती, तो वेस्ट पॉइंटचा नव्हता, परदेशी होता, आणि आधीचा सेनापती ब्रॅग याच्यावर विश्वास नाही असं त्यानं उघड सांगितलं होतं, तो ब्रॅग आता रिचमंडमध्ये डेव्हिसचा लष्करी सल्लागार होऊन बसला होता. मला विचाराल तर हे सगळं मिळून झालं, पण रिंगगोल्डनंतर आभाराचा ठराव झालेल्या माणसाला चारही वेळा वगळलं जातं त्यात डाल्टनच्या त्या संध्याकाळचा मोठा वाटा असणार.

पुढचं थोडक्यात. जानेवारीतच हार्डीच्या लग्नात त्याची मोबीलच्या सुझन टार्ल्टनशी ओळख झाली, मार्चपर्यंत लग्न ठरलं, ते कधी झालं नाही. देशद्रोह म्हणणारा वॉकर २२ जुलैला अटलांटाच्या लढाईत मारला गेला. सही करणारा केली सप्टेंबरमध्ये गेला. ३० नोव्हेंबर १८६४ ला, तोवर सेनापती झालेल्या हूडनं टेनेसीतल्या फ्रँकलिनला मोकळ्या मैदानातून तटबंदीवर समोरून हल्ला करायला लावला. गोव्हननं नंतर सांगितलं की आपल्यातले फार थोडे आर्कान्साला परत जातील असं मी म्हटलं तेव्हा क्लेबर्न म्हणाला, मरायचंच असेल तर मर्दासारखं मरू. त्याच्याखाली दोन घोडी पडली, मग तो पायीच टोपी हलवत पुढे गेला आणि तटाजवळ मेला. वय ३६. त्या एका संध्याकाळी दक्षिणेचे सहा जनरल मेले किंवा प्राणघातक जखमी झाले. दोन आठवड्यांनी नॅशव्हिलला याच सैन्यावर चालून आलेल्या फौजेत काळ्यांच्या पलटणी होत्या.

आणि तो कागद? ज्या विषयाचा उच्चार नको म्हणून डेव्हिसनं बजावलं तोच विषय डेव्हिसला ७ नोव्हेंबर १८६४ च्या संदेशात स्वतः काढावा लागला, आधी ४०,००० गुलाम लष्करी मजुरीसाठी सरकारनं विकत घ्यावेत म्हणून, सैनिक करायचं सूतोवाच करत. १८६५ च्या जानेवारीत दक्षिणेचा सगळ्यात नावाजलेला सेनापती रॉबर्ट ली खुद्द या कल्पनेच्या बाजूनं लिहायला लागला. तेव्हा जॉर्जियाचा राजकारणी आणि जनरल हॉवेल कॉब सेडनला लिहितो की गुलाम चांगले सैनिक होणार असतील तर गुलामगिरीबद्दलचा आपला सगळा सिद्धांतच चूक ठरतो. इतकं स्वच्छ कोणी बोललं नव्हतं. शेवटी १३ मार्च १८६५ ला कायदा झाला, आणि त्यातही स्वातंत्र्य नाही! मालक आणि राज्य यांच्या संमतीशिवाय गुलामाच्या दर्जात बदल नाही, असं कायद्यात. सैन्यखात्यानं २३ मार्चच्या आदेशात मालकानं मुक्त करून दिलेल्यालाच भरती करायचं अशी अट घातली म्हणून थोडं तरी काही. रिचमंडमध्ये तुटपुंज्या माणसांची कवायत सुरू झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडलं. कॉन्फेडरसीसाठी हजारो काळे सैनिक खुशीनं लढले असा दावा आजही अमेरिकेत काही लोक करतात. लढत असते तर १८६५ च्या मार्चमध्ये इतकं भांडून असा कायदा कशाला करावा लागला असता, आणि त्याआधी चौदा महिने डाल्टनला त्या सूचनेला राक्षसी कोण कशाला म्हणालं असतं.

प्रती नष्ट झाल्या होत्या, त्यामुळे बरीच वर्षं हे प्रकरण म्हणजे जुन्या सैनिकांच्या तोंडची ऐकीव गोष्ट होती. मग १८९० च्या सुमाराला एक प्रत सापडली, मेजर कॅलहून बेनहॅमच्या कागदपत्रांत. बेनहॅम क्लेबर्नच्याच स्टाफवरचा, पण या कल्पनेच्या कडक विरोधात, आणि विरोधात मुद्देसूद लिहायचं म्हणून त्यानं ती प्रत मागून घेतली होती. ती युद्धाच्या सरकारी दफ्तराच्या छापील खंडांमध्ये गेली, सगळ्या चौदा सह्यांसकट, आणि तेव्हा त्या सह्या करणाऱ्यांपैकी गोव्हन अजून जिवंत होता.